गूळ आणि साखर

साखर म्हणजे विष आणि गूळ म्हणजे अमृत, असा समज हल्लीं पुष्कळ घरांत रूढ झाला आहे. त्यांतील तथ्य आम्ही येथें थोडक्यांत मांडितों.

दोहोंचा उगम ऊसच. गुऱ्हाळांत रस काहिलींत आटविला कीं गूळ होतो. त्यांत लोहादि खनिजें अल्प प्रमाणांत राहतात. कारखान्यांत तीं बहुतेक मळीबरोबर निघून जातात. तरीही गुळाचा मोठा भाग साखरच असून तोही रक्तांतील शर्करा वाढवितो. म्हणून मधुमेहानें पीडलेल्या वडील माणसांनीं साखर सोडून गुळाचा चहा निःशंकपणें घेणें अपायकारक होय. मधासही हाच न्याय लागू आहे.

फळांची गोष्ट निराळी. तीं चावून खाल्लीं असतां चोथ्यामुळें शर्करा रक्तांत सावकाश उतरते. रस काढला कीं हा लाभ बराचसा नाहींसा होतो.

साखर, मध व फळांचा रस यांतील शर्करा मिळून दिवसास सुमारें २५ ग्रॅम, म्हणजे ६ लहान चमचे, यांहून कमी असल्यास अधिक हितकर, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सुचविलें. संक्रांतीचा तिळगूळ असो वा नाताळचा केक, सणाची गोडी सर्वांनीं अवश्य चाखावी. परंतु रोजच्या चहांत किती चमचे पडतात, तें मुलांनीं व मातापित्यांनीं मिळून एकदां मोजून पाहावें, अशी आमची विनंती आहे.