मुक्तांबाळचे गाव



ओरत्तनाडु हे तंजावरच्या दक्षिणेस, पट्टुक्कोट्टईच्या रस्त्यावरचे बाजाराचे गाव. चिठ्ठ्या आणि खुणा हाती घेऊन पायी हिंडत गावाचा इतिहास हुडकण्याचा खेळ परदेशांतल्या जुन्या पेठांमधून खेळला जातो. तो इथे मांडायचा तर पहिली चिठ्ठी गावाच्या दुसऱ्या नावाची हवी: मुक्तांबाळपुरम्. मुक्तांबाळ ही तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांची प्रिया. तिचे राजांशी लग्न झालेले नव्हते. आपल्या नावाने एक अन्नछत्र असावे, ही तिची अखेरची इच्छा होती असे सांगतात. १८०२ मध्ये ते उभे राहिले आणि गावालाही तिचे नाव मिळाले. छत्रांना दिलेल्या राण्यांच्या नावांच्या रांगेत तिचे नाव बसले, ही या कहाणीतली सर्वांत हृद्य गोष्ट.

दुसरी चिठ्ठी छत्राच्या दाराशी. तंजावरच्या मराठ्यांचे छत्र म्हणजे नुसती धर्मशाळा नव्हे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. छत्रे तरी आपल्याकडे राहावीत म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहिले आणि तिथली सगळी रीत सांगितली. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत प्रत्येक वाटसरूला शिजलेला भात. तो नको असेल त्याला कोरडा शिधा. वाढणे मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा होई, की कोणी उपाशी असेल तर त्याने यावे. वेद शिकवणारे आणि शाळा चालवणारे गुरुजी, सर्पदंशावर उपचार जाणणारे वैद्य आणि वाटेत पोरके झालेल्या मुलांचा सांभाळ, हेही छत्राच्याच पदरी. मुक्तांबाळचे छत्र पुढच्याच वर्षी याच परंपरेत उभे राहिले. आज त्याचा बराच भाग जीर्ण झाला आहे. त्याची डागडुजी व्हायलाच हवी.

तिसरी चिठ्ठी म्हणजे खुद्द रस्ता. तो रामेश्वराच्या यात्रेचा. नीडामंगलमला यमुनांबाचे छत्र, किनाऱ्यालगत मणमेलकुडीला द्रौपदांबाचे, मीमिसलला राजकुमारांबाचे. ही नावे नकाशावर जोडत गेले की यात्रेकरूंची वाट आपोआप उमटते. छत्रांचे जुने कागद मोडी लिपीत आहेत. अशा कागदांची दप्तरे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. मोडी येणाऱ्याला तिथे पुढच्या कितीतरी चिठ्ठ्या सापडतील.

शेवटची खूण पट्टुक्कोट्टईच्याही पलीकडे, समुद्राकाठी. मनोरा हा षट्कोनी, आठ मजली बुरूज सरफोजींनीच इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ बांधवला. त्यावर मराठीसह अनेक भाषांतले शिलालेख आहेत.

— आत्या