कॅज्युअल्टी म्हणजे काय?

कोलकात्याला फोर्ट विल्यममध्ये, म्हणजे आताच्या विजय दुर्गात, माझं पोस्टिंग झालं तेव्हा ट्रंकेसोबत एक जुनं ओझंही आणलं होतं. एका इंग्रजी शब्दाचं.

नोकरीचं दुसरं वर्ष. युनिट डोंगराळ भागात. त्या रात्री एक्सचेंजवर माझी ड्यूटी होती. आमची एक गाडी वळणावर कलंडली होती. पलीकडून निरोप आला, 'टू कॅज्युअल्टीज', आणि दोन नावं. त्यातलं एक माझ्या गाववाल्याचं. निरोप वहीत लिहिला, वर कळवला आणि ड्यूटी बदलल्यावर बराकीत येऊन सांगितलं, "दोघं गेले."

त्या रात्री कुणी जेवलं नाही. त्याच्या घरी फोन करायचा का, आणि कुणी करायचा, यावर पहाटेपर्यंत बोलत बसलो. हिंमत कुणाचीच झाली नाही, हे नशीब. सकाळी कळलं, एकाचा पाय मोडलाय, दुसऱ्याचा खांदा निखळलाय. दोघंही चहा मागत होते.

सुभेदार साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "शब्द आला नाही, ही चूक नाही. विचारला नाहीस, ही चूक."

मी मराठी शाळेत शिकलेला. इंग्रजी शब्द दिसला की त्याला एक मराठी शब्द चिकटवायचा आणि पुढे जायचं, एवढीच सवय. कॅज्युअल्टी म्हणजे मेलेला. झालं!

कोलकात्यात एका शनिवारी आउटपास घेऊन कॉलेज स्ट्रीटला गेलो. फुटपाथच्या दोन्ही बाजूंनी पुस्तकांच्या थप्प्या. तिथून एक जुनी इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी घेतली. पहिला शब्द तोच शोधला. युद्धात किंवा अपघातात मारला गेलेला किंवा जखमी झालेला माणूस. त्या एका 'किंवा'ने आमची रात्र वाचली असती.

मग वही घातली. रोज एक शब्द. आधी व्याख्या इंग्रजीतच उतरवायची, मग त्या दिवशीच्या कामातलं एक वाक्य स्वतः करायचं. तेव्हा लक्षात आलं की आपण रोज बोलतो ते शब्दही आपल्याला अर्धेच माहीत असतात. रिट्रीट म्हणजे माघार, पण संध्याकाळी झेंडा उतरवतानाचं बिगुलही रिट्रीटच. रिलीफ म्हणजे सुटकेचा निःश्वास, आणि पहाऱ्यावर आपली जागा घ्यायला येणारा गडीही रिलीफ. रात्री दोनला संत्री ड्यूटी केलेल्याला हे दोन अर्थ वेगळे सांगावे लागत नाहीत. आणि आपल्या पार्ट टू ऑर्डरमध्ये तर लग्न झालं, मूल झालं, तरी कॅज्युअल्टीच! निवृत्त मंडळी हसतील, पण नव्या पोराला हे कोण सांगतं?

याच शहरात १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. विल्यम केरी तिथे मराठी शिकवायचा. इंग्लंडात हा माणूस जोडे शिवत होता. पंडित वैजनाथांच्या मदतीने त्याने मराठी-इंग्रजी कोश केला आणि तो १८१० साली हुगळीकाठच्या श्रीरामपूरला छापला. पुढे १८३१ साली मोठा मराठी-इंग्रजी कोश आला तो मोल्सवर्थचा, आणि मोल्सवर्थ तर कंपनीच्या फौजेतला अधिकारी! आपली भाषा शिकायला त्यांनी एकेक शब्द विचारून घेतला. राज्य करणाऱ्यांना विचारायची लाज वाटली नाही, मग मला का वाटावी?

आता माझ्या हाताखालची पोरं रेडिओवर निरोप घेतात. त्यांना एकच सांगतो, "कळलं नाही तर परत विचार. समोरचा चिडला तर चिडू दे."

तो गाववाला आता पेन्शनवर आहे. पाय थंडीत दुखतो म्हणतो. दर दिवाळीला फोन करतो आणि मी 'हॅलो' म्हणायच्या आत सुरू होतो, "ओळखलंस का? तू मारलेला माणूस बोलतोय."

जय हिंद.