कायापुटी

आमच्या मायच्या उशाशी एक लहानशी बाटली असे. कायापुटीच्या तेलाची. साखरखेर्ड्यात थंडी पडली, की तिचे गुडघे बोलू लागत. मग खोबरेल तेलात चार थेंब घालून ते चोळून देण्याचे काम माझ्याकडे येई. वास कसा? कापूर आणि निलगिरी यांचा धाकटा भाऊ म्हणावा असा.

मी पडलो मराठीचा मास्तर. ‘काया पुष्ट करते ती कायापुटी’ अशी व्युत्पत्ती मी वर्गात ठोकून दिली होती. पुढे वाचनात आले, की शब्द मुळी आपला नव्हेच! मलायी भाषेत ‘कायु’ म्हणजे लाकूड आणि ‘पुतिह’ म्हणजे पांढरे. तिकडच्या बेटांवरून तेल आले आणि त्याच बाटलीतून नावही आले. झाड जांभूळ-पेरूच्या कुळातले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली. माझी व्युत्पत्ती खोडताना मुलांना जो आनंद झाला, तो ती लिहून घेताना खचितच झाला नव्हता.

माय मात्र म्हणाली, “इतकी वर्सं अंगाले लावलं, पन झाड कसं असते ते काई पाह्यलं नाई.”

मे महिन्यात मुंबईस गेलो, तेव्हा मुद्दाम राणीच्या बागेत गेलो. १८६२ साली खुल्या झालेल्या या बागेला आता जिजाऊंचे नाव आहे. जिजाऊंचे माहेर सिंदखेडराजा, म्हणजे आमच्याच तालुक्याचे गाव. तेव्हा तिकीट काढूनही मला घरच्याच बागेत शिरल्यासारखे वाटले. तेथे कायापुटीच्या जातीचे झाड भेटले. पांढुरके खोड, सालीचे कागदासारखे पापुद्रे एकावर एक. बोट दाबले तर गादीसारखे आत जाते! खाली पडलेला एक पापुद्रा तेवढा उचलून आणला.

मायने तो नाकाशी नेला. “याले तर वासच नाई!”

“वास पानांत असतो, माय. पाने वाफाळून तेल काढतात.”

“मंग पानं काहून नाई आनली?”

मला उत्तर सुचले नाही. तिने पापुद्रा पोथीत खुणेला ठेवला.

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत बाटली सापडली, अर्धी भरलेली. पोथी उघडली. खूण अकराव्या अध्यायाशी थांबलेली. पापुद्र्याच्या कडेला तेलकट बोटांचे पिवळट डाग पडले होते. मी तो नाकाशी नेला.

आता त्याला वास होता.