वजन ताटात उतरलं

नागावला आमची वाडी आहे आणि वाडीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या चार खोल्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं येऊन राहतात, त्यांचा सगळा स्वयंपाक माझ्याकडे. 2021 च्या दिवाळीनंतर माझं वजन 92 किलो भरलं होतं. उंची पाच फूट एक इंच. आज काटा 64 वर आहे. अलिबागच्या बाजारात ओळखीच्या बायका थांबवून विचारतात, कुठलं औषध घेतलंस, कुठली पावडर? औषध नाही आणि पावडरही नाही. जे केलं ते या किनाऱ्यावरच्या कुठल्याही बाईला परवडणारं आहे, म्हणूनच ते सविस्तर सांगावंसं वाटतं.

दोन बाळंतपणांनंतर वजन सत्तरीत गेलं आणि तिथंच राहिलं. पुढची चढण 2020 नंतरची. त्या वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि एका दुपारीत वाडीतल्या पोफळी आणि कितीतरी माड आडवे झाले. पोफळ नव्याने लावली तर सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं जातात. म्हणजे घर चालायचं ते खोल्यांवरच. टाळेबंदी उठली आणि पर्यटकांची रीघ लागली. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला येणारी रो-रो बोट त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झालेली, त्यामुळे मुंबईकर गाडीसकट इकडच्या काठाला उतरायला लागले. सुरमई तळायची, वडे तळायचे, नारळ खवायचे, मोदक वळायचे. पहाटे पाचला ओट्याशी उभी राहिले की रात्री अकराला हलायचे. बसून जेवण असं नव्हतंच. चव बघताना एक घास, उरलेली तुकडी टाकवत नाही म्हणून एक घास, खोलीखोलीला चहा गेला की त्याबरोबर माझाही अर्धा कप. रात्री सगळं आवरल्यावर मात्र ताटभर भात आणि कालवण, कारण दिवसभर आपण जेवलोच नाही असं वाटायचं.

विहिरीपर्यंत जाऊन आलं तरी धाप लागायला लागली. मानेवर काळपट पट्टा उमटला होता, तो मी मळ समजून घासत होते. डॉक्टरांनी तो बघितला आणि आधी रक्त तपासायला पाठवलं. एचबीएवनसी 6.3 आलं. 5.7 च्या खाली ठीक, 6.5 पासून मधुमेह. मी मधल्या पट्ट्याच्या अगदी टोकाला उभी होते. माझ्या आईचा पाय मधुमेहापायी कापावा लागला होता, त्यामुळे त्या आकड्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. डॉक्टरांनी टेप घेऊन कंबर मोजली. आपल्याकडच्या बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत हवी, कारण आपली चरबी पोटात साठते आणि युरोपातल्या माणसापेक्षा कमी वजनालाच आपल्याला साखर गाठते. म्हणून उंचीच्या हिशोबातल्या वजनाचा निर्देशांक आपल्यासाठी 23 च्या पुढे जास्त आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा असा धरतात. माझा 38 होता. त्यांनी ब्रिटनमधल्या एका अभ्यासाचंही सांगितलं. तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या ज्या लोकांनी 15 किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं, त्यांच्यातल्या 86 टक्के लोकांची साखर वर्षभरानंतर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली होती. मला तर अजून मधुमेह झालेलाही नव्हता. त्या दिवशी घरी येताना मी घाबरले नव्हते. काहीतरी करता येण्यासारखं आहे, एवढं मला कळलं होतं.

कोळंबी आणि मासळी मोजायला माझ्याकडे ओट्यावर वजनकाटा असतो. त्यावर मी माझं ताट ठेवलं. नेहमीसारखा भात वाढून घेतला, कालवण घालण्याआधी मोजला: 400 ग्रॅम. शिजलेल्या भाताच्या 100 ग्रॅमला 130 कॅलरी धरल्या तर नुसत्या भाताच्या 520 झाल्या. त्यावर नारळाच्या वाटणाचं कालवण, बाजूला दोन तळलेल्या तुकड्या, तांदळाची भाकरी. मग चहाची साखर मोजली, तळणीतून पोटात जाणारं तेल मोजलं. पाहुण्यांच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर आठवडाभर सगळं लिहिलं, तोंडात टाकलेला अर्धा वडासुद्धा. जेवणाआधीच, उभ्याउभ्या खाल्लेलं एका जेवणाएवढं भरत होतं. माझं सगळं वजन त्या पानांवर लिहिलेलं होतं.

सासूबाईंना हे पटेना. त्यांचं म्हणणं, आम्ही याच्या दुप्पट भात खायचो, आमच्यात कोण जाडं होतं? त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि मला वाटतं आपल्या किनाऱ्याच्या वजनाचं मूळ त्यांच्या या एका प्रश्नात आहे. माझ्या वयाच्या असताना त्या पावसात दिवसभर वाकून लावणी करत होत्या, भात उखळात कांडत होत्या, वाडीचं शिंपणं करत होत्या, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन अलिबागला चालत जात होत्या. तो भाताचा ढीग त्या अंगमेहनतीच्या मापाचा होता. आता पंप बसला, मिक्सर आला, गिरणीतून पांढराशुभ्र तांदूळ येतो, अलिबागला जायला स्कूटर आहे. काम गेलं आणि ताट तेवढंच राहिलं. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी धान्यातून 45 टक्क्यांहून जास्त येऊ नयेत असं म्हटलं आहे. माझ्या वहीत भात-भाकरीचा वाटा त्याहून कितीतरी वर होता.

मी वजन उतरवायला घेतलं त्या काळात घराघरात आहारावरून दीक्षित की दिवेकर हा वाद चालायचाच. माझे दीर डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच जेवतात, पंचावन्न मिनिटांच्या आत, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालतात. त्यांना ते मानवलं. पहाटेपासून चुलीशी उभं राहणाऱ्या बाईला दोन जेवणांवर दिवस काढणं मला जमलं नाही. पण दोन जेवणांच्या मधलं तोंड बंद ठेवायचं, हे मी त्यांच्याकडूनच घेतलं, आणि सगळ्यात जास्त फायदा त्याचाच झाला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचा आग्रह आपल्या मातीतलं, आजीच्या हातचं खाण्याचा. तोही मला मान्य, फक्त माप आजीचं नको.

आता मी तीन वेळा जेवते, आणि बसूनच. ताटात आधी मासळी किंवा कडधान्य, मग भाजी, भात शेवटी एक वाटी. बांगडा, मांदेली, बोंबील हे तव्यावर चमचाभर तेलात भाजते. सुरमई पाहुण्यांची, बांगडा माझा. स्वस्त आहे, 100 ग्रॅमला 19-20 ग्रॅम प्रथिनं देतो आणि पोट भरलेलं राहतं. कालवणात नारळ निम्मा केला, चिंच-कोकम तेवढंच ठेवलं; चवीत कुणाला फरक कळला नाही. तांदळाच्या भाकरीच्या जागी बहुतेक रात्री नाचणीची. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, पुढे श्रावण. तेव्हा वालाचं बिरडं, कुळथाची पिठी, अंडी, आणि रानात उगवणारा टाकळा, कुर्डू, भारंगी. सुकट आहेच, पण ती दोनदा धुऊन घेते, मीठ फार असतं. उन्हाळ्यात खंडाळे-कार्ल्याचा पांढरा कांदा कच्चाच, जेवताना एक अख्खा. चहा दोन कप, बिनसाखरेचा. पहिला महिना तो अगदी नकोसा वाटला, मग सवय झाली. स्वयंपाकाची चव आता मी बघत नाही. ते काम माझ्या मुलीने घेतलं आहे आणि तिचा हात माझ्यापेक्षा नेमका आहे.

धावणं नंतर आलं. सुरुवातीचे चार महिने फक्त चालले, तेवढ्यात नऊ किलो उतरले. मग एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं अर्धा तास. वेग एवढाच की शेजारचीशी बोलता यावं. गुडघ्यांची भीती होती. पण वजन एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो, हे अमेरिकेत संधिवाताच्या रुग्णांवर मोजून सिद्ध झालेलं आहे. म्हणून आधी ताट आणि मग धाव, हा क्रम मी कुणालाही सांगेन.

नागावला धावायची जागा म्हणजे समुद्रकिनारा, आणि किनारा समुद्राच्या वेळेने मिळतो. वरची कोरडी वाळू पाय ओढून घेते. धावायला लागते ती ओहोटीला उघडी पडणारी ओली, टणक, सपाट वाळू. वेळ काढायची रीत सासूबाईंनी शिकवली: तिथीला पाऊणाने गुणायचं, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे पाणी पार मागे गेलेलं असतं आणि सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत नुसतं मैदान मिळतं. त्रयोदशीपासून तृतीयेपर्यंतच्या पहाटा माझ्या. अष्टमीच्या सुमारास पहाटे भरती असते, तेव्हा रस्त्याने अक्षीकडे, शके 934 च्या शिलालेखापर्यंत जाऊन परत. पावसाळ्यातही रस्ताच. किनाऱ्यावर अनवाणी धावायचा मोह होतो, पण सुरुवातीला पोटऱ्या आणि टाचेची शीर फार ताणली जाते, आणि सोमवारी सकाळी पर्यटकांच्या बाटल्यांच्या काचा पडलेल्या असतात. मी बूट घालते आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन आत वर्तमानपत्र कोंबून ठेवते.

बायकांना जे कुणी सांगत नाही तेही लिहिते. धावायला लागले तेव्हा पावलागणिक लघवीचे थेंब जायचे. वाटलं हे आपल्या नशिबी कायमचं. फिजिओथेरपिस्टने सांगितलं की बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, आणि लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते रोज आवळून-सोडून व्यायाम केला की ते भरून येतात. तीनेक महिन्यांत त्रास जवळजवळ गेला. कितीतरी बाया एवढ्या एका कारणाने चालणंसुद्धा सोडतात आणि डॉक्टरांपाशी बोलत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. दुसरं म्हणजे धावण्यासाठीची घट्ट ब्रा. बुटांच्या आधी तिच्यावर पैसे घालावेत.

पहिल्या वर्षात 20 किलो उतरले. त्यातच केस मूठमूठ गळायला लागले. वजन झपाट्याने उतरताना असं होतं, प्रथिनं आणि लोह बघा, असं डॉक्टर म्हणाले. सहा महिन्यांत ते थांबलं. दंडाखालचं आणि पोटाचं कातडं मात्र सैल राहिलं, ते तसंच राहणार. लग्नाकार्यात बाया म्हणायच्या, "किती खराब झालीस गो, बरं आहे ना सगळं?" मग काटा बहात्तरवर अडकला आणि कित्येक महिने हलेना. शरीर लहान झालं की त्याला लागतंही कमी, हे तेव्हा उमगलं. 92 किलोच्या माझ्यासाठी जे कमी जेवण होतं, ते 72 किलोच्या मला पुरेसं होतं. वही पुन्हा काढली. या टप्प्यावर धावणं वाढवून भागेल असं पुष्कळांना वाटतं. हिशोब करून बघा: धावताना किलोमीटरला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे, साधारण एक कॅलरी जळते. 72 किलोच्या बाईने पाच किलोमीटर केले तर 360. एक किलो चरबी म्हणजे 7,700. सकाळची सगळी धाव दोन मोदक आणि एका गोड चहात परत येते. माझं वजन ताटाने उतरवलं. धावण्याने ते पुन्हा चढू दिलं नाही, झोप आणली, कंबर आत घेतली, आणि कुणाच्याही हाकेच्या पलीकडे असलेला एक तास मला दिला. त्या तासासाठी वजनाची सबब नसती तरी मी धावले असते.

गेल्या तपासणीत एचबीएवनसी 5.5 आलं. मानेवरचा पट्टा गेला. निर्देशांक साडेसव्वीसच्या वर आहे, म्हणजे आपल्याकडच्या मोजमापाने मी अजून रेषेच्या पलीकडेच, आणि डॉक्टर म्हणतात आता इथं टिकून राहणं महत्त्वाचं. पाहुण्यांच्या थाळीतही मी थोडा बदल केला आहे. तळलेल्या तुकडीबरोबर तव्यावरची मांदेली ठेवते, वाल ठेवते, भात मागतील तेवढाच वाढते. तक्रार अजून कुणी केलेली नाही.

आमच्या आळीतल्या पाच-सहा जणी आता बरोबर येतात. एकीची साखर माझ्यासारखीच सीमेवर आहे, एकीला फक्त घराबाहेर पडायचं असतं. कालनिर्णय बघून महिन्याच्या वेळा मी फळ्यावर लिहून ठेवते. येती अमावास्या सोमवारी आहे. पहाटे साडेपाचला सुरूच्या बनाशी जमायचं, आणि शनिवार-रविवारच्या काचा उचलायला प्रत्येकीने एक पिशवी आणायची.