बिल हरियाणाचं, दुकान दिल्लीचं, कपाट नोएडात

जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात. दिल्लीचे ०७, हरियाणाचे ०६, उत्तर प्रदेशाचे ०९. शेजारच्या काकांच्या कपाटाच्या बिलावर ०६ होतं.

काका मूळचे नागपूरचे, निवृत्तीनंतर नोएडात मुलाजवळ राहायला आलेले. कपाट त्यांनी दिल्लीतल्या एका मोठ्या फर्निचर-इलेक्ट्रॉनिक्स साखळीच्या शोरूममध्ये पसंत केलं, पैसेही तिथेच भरले. माल निघाला गुरुग्रामच्या गोदामातून, म्हणून बिल हरियाणाचं. त्यात तळाशी मुंगीच्या अक्षरात छापलेलं: वाद झाल्यास फक्त मुंबईची न्यायालयं. एका कपाटाला चार राज्यं!

पहिल्याच पावसाळ्यात तळाची फळी फुगली. वरचं सनमायका शाबूत, कडेची पट्टी सुटलेली, आणि बोटानं दाबलं की आतून भुसा. दार अर्ध्यावर अडायचं. बिलावर मात्र ‘वॉटर रेझिस्टंट’ असं स्पष्ट लिहिलेलं. शोरूमवाले म्हणाले, गोदामाशी बोला. गोदामवाल्यांनी कस्टमर केअरकडे बोट दाखवलं. तिथून तक्रार क्रमांक मिळाला, एक मिस्त्री येऊन फोटो काढून गेला आणि मागाहून मेल आला की ओल लागणं हा उत्पादनातला दोष नव्हे.

“जाऊ दे रे,” काका मला म्हणाले, “शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.”

“अहो, पण पैसे काय फुकटचे होते का?” काकू आतून आल्या. नागपुरात असताना त्या ग्राहक पंचायतीच्या बैठकांना जायच्या. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात सुरू केलेल्या त्या चळवळीत तयार झालेली माणसं अशी सहज गप्प बसत नाहीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावला तो त्यांनीच. कंपनीचं उत्तर गोड आलं, कपाट तसंच राहिलं. मग तक्रारीचे कागद जमवायचं काम माझ्याकडे आलं.

काकांची धास्ती अगदीच निराधार नव्हती. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार करायची ती विक्रेत्याच्या ठिकाणी, नाहीतर वादाचं कारण जिथे घडलं तिथे. त्यातही सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये ‘सोनिक सर्जिकल’ प्रकरणात दोरी आणखी आवळली. गोदामाला आग लागली होती अंबाल्यात, तक्रार झाली चंदीगडला. विमा कंपनीची चंदीगडला शाखा असली तरी तेवढ्यावर तिथे तक्रार चालणार नाही, असा निकाल लागला. २०१९चा कायदा २० जुलै २०२० रोजी लागू झाला आणि त्याच्या कलम ३४नं ग्राहक राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगाचं दार उघडलं. नुकसानभरपाईच्या आकड्यांचा गाजावाजा फार होतो, पण दिल्ली, गुरुग्राम, नोएडा असा रोज तीन राज्यांत वावर असलेल्या माणसांसाठी माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात कामाची ओळ हीच. तक्रार नोएडा ज्यात येतं त्या गौतम बुद्ध नगरच्या जिल्हा आयोगात ऑनलाइन दाखल झाली. मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क शून्य. खर्च झाला तो सूरजपूर कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या नोटरीचा आणि झेरॉक्सचा.

लेखी जबाबाला कंपनीला ३० दिवस मिळतात, आयोगानं दिले तर वर १५. त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी मार्च २०२० मध्ये पक्कं केलं आहे. जबाब अगदी मुदत संपता संपता आला आणि त्यात अपेक्षेप्रमाणे मुंबईचं कलम होतं. ते टिकलं नाही. छापील अटीनं कायद्यानं दिलेला हक्क जात नाही.

एवढ्या मोठ्या साखळीपुढे एकट्या ग्राहकाचं काय चालणार, असं काका तरीही म्हणत राहिले. त्यांना मी बंगळुरूचं उदाहरण सांगितलं. लोगो छापलेल्या पिशवीचे २० रुपये घेतले म्हणून तिथल्या ग्राहक आयोगानं २०२३ मध्ये आयकियाला ३,००० रुपये द्यायला लावले होते.

कायदा तीन महिन्यांत निकाल लावा म्हणतो, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात ‘अगली डेट’ हा शब्द काकांना पाठ झाला आणि वर्ष उलटलं. शेवटी कंपनीच्या वकिलांनीच तडजोड पुढे केली: पूर्ण किंमत परत, कपाट त्यांनी उचलून न्यायचं. काकूंनी नोटरी-झेरॉक्सचे पैसेही मागून घेतले, ते बरंच केलं.

अशी काही मोठी खरेदी करणार असाल तर बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, मागची बाजूसुद्धा. थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.