बाळंतिणीच्या खोलीची तजवीज

चि. भाच्यास,

तुझे पत्र पोहोचले. सूनबाईचे दिवस भरत आले असून वडिलांच्या दुखण्यामुळे तिच्या आईस घर सोडता येत नाही, सबब पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा रिवाज बाजूस ठेवून ते पुण्यातल्या तुमच्या दोन खोल्यांतच पार पाडावयाचे, हा तुम्हां उभयतांचा निर्णय मला पटला. मात्र तयारीची म्हणून जी फेरिस्त तू सोबत पाठविली आहेस तिच्यात पाळणा आहे, बाबागाडी आहे, दुधाच्या बाटल्या उकळण्याचे यंत्र आहे, निरनिराळ्या वासांची तेले आणि साबण आहेत. आणि जिच्या देहातून ते मूल या जगात यावयाचे तिच्यासाठी मात्र एकही कलम नाही. याच एका गोष्टीसाठी हे पत्र लांबणार आहे. प्रसूतीनंतर तुझ्या घरात शुश्रूषेची गरज असलेले जीव दोन असतील, आणि माहेर जवळ नसल्यामुळे त्या दोघांच्या देखरेखीची जबाबदारी तुझ्याकडे येत आहे.

आपल्या समाजात ही विद्या पुरुषापासून फार काळ दूर राहिली. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जाई, तिथे आई, आजी, सुईण आणि न्हाऊमाखू घालणारी बाई यांच्या हाती तिचा सारा कारभार असे, सोयर फिटेपर्यंत तिला कोणी शिवत नसे, आणि नवरा बाराव्या दिवशी बारशाला येऊन मुलाच्या हातावर काही ठेवून परत जाई. त्या व्यवस्थेत अज्ञान पुष्कळ होते, अंधाऱ्या खोल्या होत्या, कोंडलेला धूर होता; तरीही सव्वा महिना बाळंतिणीकडून कोणत्याही कामाची अपेक्षा करावयाची नाही, आणि रात्रंदिवस कोणा ना कोणा अनुभवी माणसाची तिच्यावर नजर असावयाची, हे दोन नियम त्या घरांनी निष्ठेने पाळले. तुमच्या दोन खोल्यांत तो विसावा आणि ती नजर आपोआप येणार नाही. तजवीज करूनच आणावी लागेल.

या विद्येच्या अभावी काय होते, याचा विचार करताना मला आनंदीबाई जोशी नेहमी आठवतात. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि ते मूल अवघे दहा दिवस जगले. पुढे १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या, तेव्हा त्यांनी आपल्या प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. ज्या दहा दिवसांत त्यांनी मूल गमावले, ते दिवस आजही सर्वांत जोखमीचे आहेत. नवजात बालकांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या सात दिवसांतच ओढवतात. पाचवीच्या रात्री सटवाईची पूजा मांडून आपल्या आज्या जागरण करीत, त्या प्रथेकडे मी म्हणूनच आदराने पाहते; अस्वच्छ पात्याने नाळ कापल्यामुळे होणारा धनुर्वात याच सुमारास उघड होई, आणि त्या बायकांना जंतू ठाऊक नसले तरी घातकाळ नेमका ठाऊक होता. गर्भारपणातील लशीमुळे आणि स्वच्छ प्रसूतीमुळे नवजातांच्या धनुर्वाताचे आपल्या देशातून उच्चाटन झाल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिला. पण जागे राहण्याची गरज त्यामुळे संपलेली नाही.

जागे राहून काय पाहावयाचे, हे शिकता येते, आणि त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना हेच शिकविले. त्या घरोघरी जाऊन मुलाचा श्वास मोजीत, वजन करीत, ऊब आणि दूध पाहत, जंतुसंसर्गाची चिन्हे ओळखून उपचार करीत. १९९९ साली ‘लान्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार नवजातांचा मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला होता. माझी सारी नोकरी आरोग्य खात्यात परिचारिका म्हणून गेली, आणि त्या अनुभवाच्या आधारावर मी निश्चयाने सांगते की जे त्या गावच्या बायका शिकल्या त्यातले पाहण्याचे जेवढे काम आहे तेवढे तुला एका आठवड्यात अंगवळणी पडेल. मूल शांत निजलेले असताना पोटाची हालचाल पाहत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोज. ६० किंवा अधिक भरले तर पुन्हा मोज, आणि दुसऱ्यांदाही तितकेच भरले तर दवाखाना गाठ. छातीचा खालचा भाग प्रत्येक श्वासागणिक आत ओढला जाणे, काखेतील ताप ३७.५ अंशांवर चढणे किंवा ३५.५ अंशांखाली उतरणे, ओढून दूध पिणारे मूल एकाएकी पिईनासे होणे, अंग सैल पडणे, झटके येणे, कावीळ पहिल्या चोवीस तासांतच दिसणे किंवा पुढे केव्हाही तळहात-तळपायांपर्यंत उतरणे, यांपैकी एकही चिन्ह दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. कोवळ्या उन्हात धरले की कावीळ उतरते असे तुला पुष्कळ जण सांगतील. तपासणीच्या ऐवजी ऊन हा इलाज नव्हे.

दुधाविषयी थोडे खुलासेवार लिहिते, कारण पहिल्या आठवड्यात घरे डळमळतात ती इथेच. प्रसूतीनंतर तासाभराच्या आत मूल अंगावर लावावे, शस्त्रक्रिया झाली असली तरी आईची प्रकृती ठीक असेल तर तसेच करण्याचा आग्रह परिचारिकेकडे धरावा. पहिले दोनतीन दिवस येतो तो पिवळसर, दाट चीक, आणि तो थेंबाथेंबाने येतो म्हणून दूध कमी आहे असा बोभाटा करून वरचे दूध सुरू करण्यासारखा अन्याय दुसरा नाही. त्या दिवसांत मुलाच्या पोटाची मागणीच तेवढी असते. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा मूल पिते, जन्माचे वजन पहिल्या दिवसांत सात-आठ टक्क्यांपर्यंत उतरून दोन आठवड्यांच्या आत भरून निघते, आणि पाचव्या दिवसानंतर दिवसाकाठी सहा किंवा अधिक लंगोट ओले होऊ लागले म्हणजे दूध पुरते आहे अशी खातरजमा होते. सहा महिने पाणीसुद्धा नको. सहाणेवर मुरडशेंग, वेखंड आणि जायफळ उगाळून बाळगुटी चाटविण्याची हौस वडीलधाऱ्यांना असेल. त्यांना नमस्कार करून, हात जोडून नाही म्हणावे. मध तर वर्षभर जिभेला लागू देऊ नये, कारण त्यातील काही जंतूंच्या विषाने तान्ह्या मुलाचे स्नायू लुळे पडतात. काजळाचेही तेच, त्यात शिसे असू शकते, आणि दृष्ट लागेल ही भीती असेल त्यांनी तीट पावलाच्या तळव्याला लावावी.

नाळेला काही लावू नये, ती कोरडी राहिली की बहुधा आठपंधरा दिवसांत आपण होऊन पडते. मालिश हलक्या हाताने करावी, पण तेल नाकाकानात घालू नये, आणि ओव्या-वेखंडाची धुरी किंवा निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत मुळीच नको. त्यांतून निघणारा वायू आईला आणि मुलाला दोघांनाही घातक आहे. उबेसाठी आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून मूल धरणे यासारखा उपाय नाही, आणि हे काम बापालाही तितकेच उत्तम करता येते. झोपवावयाचे ते पाठीवर, सपाट गादीवर, उशी-तक्के दूर ठेवून.

आता सूनबाईकडे वळते, आणि हा भाग तू तिच्यासह दोनदा वाचावा अशी माझी विनंती आहे. बाळंतपण सुखरूप झाले असे म्हणून सगळे घर मुलाभोवती गोळा होते, आणि जिच्या देहाने नऊ महिने भार वाहिला, जिचे गर्भाशय पूर्ववत होण्यास सहा आठवडे लागावयाचे आहेत, जिला टाके आहेत, जिची झोप दोनदोन तासांच्या तुकड्यांत विभागलेली आहे, ती पाहुण्यांसाठी चहाचे आधण ठेवताना दिसते. हे तुझ्या घरात होता कामा नये. पहिले दिवस अंगावरून लाल जाते, मग तपकिरी, मग पांढुरके, आणि चार ते सहा आठवड्यांत ते थांबते. परंतु तासाभरात एक घडी पूर्ण भिजू लागली, मोठ्या गाठी पडू लागल्या, किंवा स्रावास दुर्गंधी येऊन ३८ अंशांवर ताप चढला तर ते साधे नाही. असह्य डोकेदुखी, दृष्टीपुढे अंधारी, वरच्या पोटात कळ, ही रक्तदाब चढल्याची चिन्हे असू शकतात, आणि गर्भारपणात रक्तदाब चांगला होता म्हणून बाळंतपणानंतर तो चढणार नाही असे मुळीच नाही. सहा आठवड्यांपर्यंत ही जोखीम राहते. एकाच पोटरीत दुखणे व सूज, किंवा एकाएकी धाप, हेही त्याच तातडीचे. छाती दाटली तर मुलाला वारंवार पाजावे, पण एखादा भाग लाल, गरम होऊन ताप भरला तर डॉक्टरांस दाखवावे, आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पाजणे थांबवू नये.

पथ्याच्या नावाखाली बाळंतिणीला उपाशी ठेवण्याची चाल अजून काही घरांत आहे. पाणी तोडतात, डाळी, फळे, पालेभाज्या बंद करतात, आणि बद्धकोष्ठाने तिचे टाके ठणकू लागले की नशिबाला दोष देतात. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस पहिल्या सहा महिन्यांत एरवीपेक्षा रोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात. आपल्या आज्यांची अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी हे सारे मी मनापासून राखीन, पण त्याच्या जोडीला वरण, उसळ, अंडी खात असाल तर अंडी, ताजी फळे आणि तहानेपुरते भरपूर पाणी हवेच, आणि लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने चुकवू नयेत. रात्री पाजताना तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या आणि काही खाण्यास असावे, ही नेमणूक तुझी.

मनाचे लिहावयाचे राहू नये. तिसऱ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास ती कारणावाचून रडेल, स्वतःस अपुरी समजेल. पुष्कळ स्त्रियांस असे होते आणि दोन आठवड्यांच्या आत ते मावळते. त्या वेळी उपदेश करू नये, जवळ बसावे, मूल आपल्याकडे घ्यावे आणि तिला झोपू द्यावे. पण दोन आठवडे उलटूनही उदासी राहिली, मुलाकडे पाहवेनासे झाले, मूल निजलेले असतानाही झोप येईना, तर तो आजार आहे; त्यास औषध आहे आणि त्यात लाज बाळगण्याजोगे काही नाही. शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. स्वतःला किंवा मुलाला इजा करण्याचे विचार, अथवा भास होऊ लागले, तर त्याच घटकेला तिला एकटी न सोडता दवाखान्यात न्यावे.

पाहुण्यांचा बंदोबस्त तुलाच करावा लागेल, कारण ते बोलणे तिच्या तोंडी शोभत नाही असे आपल्याकडे मानतात. बारशापर्यंत जवळच्या माणसांखेरीज कोणी नको, खोकला-सर्दी असणारा तर मुळीच नको, आणि येणाऱ्याने प्रथम साबणाने हात धुवावेत. व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना हात धुवावयास लावले आणि सूतिकाज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण झपाट्याने उतरले. त्याबद्दल त्यांच्या समव्यावसायिकांनी त्यांचा छळच केला. तुला फार तर एखाद्या काकांचा रोष पत्करावा लागेल.

तेव्हा ती फेरिस्त पुन्हा लिही. बाटल्यांचे यंत्र काढून टाक. त्या पैशांत दोन महिने सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाला बाई लागते. एक अंकीय तापमापक, जाड सुती घड्या, जुन्या मऊ धोतरांची दुपटी, आणि एक वही ठेव, जिच्यात पाजण्याच्या वेळा, ओले लंगोट, दोघांचा ताप आणि सूनबाईचा स्राव यांची तारीखवार नोंद होईल. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना ती वही तिच्या आणि तुझ्या आठवणीपेक्षा अधिक उपयोगी पडेल. जन्मावेळच्या लशी, म्हणजे बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ब, घरी येण्यापूर्वी दिल्या गेल्याची कार्डावर खात्री कर. रात्री वाहन कोणाचे, हे आताच ठरव, आणि १०८ हा क्रमांक दारामागे लिहून लाव. सव्वा महिन्याच्या तपासणीस तू सोबत जा; पुढच्या गर्भधारणेस निदान दोन वर्षांचे अंतर राहावे यासाठी काय करावयाचे, हेही त्याच भेटीत दोघांनी मिळून विचारावे.

रजेविषयी तू काहीच लिहिले नाहीस. केंद्र सरकारच्या नोकरांस पितृत्व रजा १५ दिवसांची मिळते. तुझ्या खाजगी कचेरीत ती मालकाच्या नियमांवर असेल, तेव्हा हक्काच्या शिल्लक रजेचाही हिशेब काढून ठेव. सगळी रजा एकदम संपवू नकोस: प्रसूतीपासूनचे पहिले दहा दिवस घे, मग तुझी आत्या येऊन राहील तोवर कामावर रुजू हो, आणि ती परतल्यावर उरलेले दिवस घे, कारण सूनबाई घरात मुलासह प्रथमच एकटी पडेल ती तेव्हा. अर्ज याच आठवड्यात दे. मंजुरी मिळाली की मला कळव, म्हणजे आत्याच्या येण्याची तारीख मी तिच्याशी बोलून पक्की करते.

सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझी,
मावशी