वहीतली चूक

बारावीच्या वर्गाला मी जीवशास्त्र शिकवते. मागच्या आठवड्यात विषाणूंचा धडा चालू असताना एका मुलीने विचारले, "मॅडम, रोग कुणी आणला ते शोधता येतं का?" मी म्हटले, "कुठून आला, ते शोधता येतं." ती म्हणाली, "म्हणजे तेच ना?"

तेच नाही. पण हा फरक मलाही फार उशिरा कळला.

२०२० च्या एप्रिलमधली गोष्ट. अब्बांची फळांची हातगाडी ज्या गल्लीत वीस वर्षे जात होती, तिथल्या एका दारातून त्यांना ऐकावे लागले, "तुमच्या लोकांनीच आणला ना हा आजार?" अब्बा काही बोलले नाहीत. कलिंगडे तशीच घेऊन घरी आले. त्या रात्री संतापाने मला झोप लागली नाही. आणि मे महिन्यात माझा मामेभाऊ मुंबईहून गावी आला, तेव्हा त्याला फाटकाबाहेर थांबवणाऱ्यांत मीही होते. काही दिवस वेगळे राहा, हे सांगणे बरोबरच होते. पण "या मुंबईकरांनीच आणलाय" हे मी त्याला ऐकू जाईल असे बोलले. त्याने बॅग उचलली आणि शाळेच्या व्हरांड्यात चौदा दिवस काढले.

पुढे वर्गाच्या तयारीसाठी वाचताना एचआयव्हीचा प्रवास हाती लागला. विषाणू स्वतःच्या नकला काढतो आणि नकलेत चुका होतात. चाळीस वह्या तपासताना एकच विचित्र चूक सहा वह्यांत दिसली, की त्या सहांचे मूळ एक हे शिक्षकाला कळते. त्यातल्या दोघींत आणखी एक सारखी चूक असेल, तर त्या दोघी अधिक जवळच्या. शास्त्रज्ञ विषाणूचा शजरा असाच मांडतात. चुका साधारण ठरावीक गतीने साचतात, म्हणून फांद्या कधी फुटल्या याचाही अंदाज बांधता येतो.

जगभर पसरलेल्या एचआयव्हीचा मूळ विषाणू कॅमेरूनच्या आग्नेय भागातल्या चिंपांझींमधून माणसात आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार साथीचे मूळ १९२० च्या सुमारास आजच्या किन्शासा शहरात होते. तेव्हा तिथे बेल्जियमची सत्ता होती. रेल्वेने १९४० च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक या शहरातून ये-जा करत होते. विषाणूही त्याच रुळांवरून दूरच्या शहरांत गेला.

१९६० मध्ये काँगो स्वतंत्र झाला. शिक्षक आणि डॉक्टर कमी होते, म्हणून फ्रेंच जाणणारे हैतीचे सुशिक्षित लोक तिथे कामाला गेले. परतणाऱ्यांपैकी कुणाबरोबर तरी विषाणू १९६६ च्या आसपास हैतीत पोहोचला असावा आणि १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कला. १९८१ मध्ये एड्स ओळखला गेला, तोवर तो दहा वर्षे गुपचूप पसरत होता.

मग बोटे दाखवणे सुरू झाले. १९८३ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने धोक्याच्या गटांत हैतीच्या लोकांना घातले. १९८५ मध्ये ते नाव यादीतून निघाले, पण कलंक राहिला. १९९० मध्ये त्यांच्या रक्तदानावर बंदी आली, तेव्हा हजारो हैतीवासी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावरून मोर्चा घेऊन गेले. बंदी मागे घ्यावी लागली.

गायतान द्युगा या कॅनडाच्या विमानसेवकाचेही तेच झाले. एका अभ्यासात त्याच्या नावाऐवजी "ओ" हे इंग्रजी अक्षर होते. अर्थ एवढाच, की हा रुग्ण कॅलिफोर्नियाबाहेरचा. पुढे ते अक्षर शून्य म्हणून वाचले गेले आणि अमेरिकेत रोग आणणारा पहिला माणूस म्हणून त्याची बदनामी झाली. तो १९८४ मध्येच वारला होता. उत्तर द्यायला कोण येणार? १९७८-७९ मधले रक्ताचे जपलेले नमुने तपासून २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले, की त्याचा विषाणू शजऱ्याच्या बुंध्याशी नाही, इतर अनेक फांद्यांमधली ती एक फांदी आहे.

शजरा वाट दाखवतो, गुन्हेगार दाखवत नाही. त्या वाटेवर कुणी रोजगारासाठी चालत होते, कुणी मुलांना शिकवायला, कुणी घरी परतायला. आपल्याकडे बदगुमानीला गुनाह म्हणतात. दुसऱ्याची बदगुमानी आपल्याला लगेच दिसते, आपली स्वतःची मात्र खबरदारी वाटते.

हे सगळे मी वर्गात सांगितले. फळ्यावर "ओ" काढला, शेजारी शून्य काढले. मुली बराच वेळ पाहत राहिल्या.

त्या संध्याकाळी मी मामेभावाला फोन केला आणि फाटकापाशी बोललेल्या त्या वाक्याची माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपा, मला वाटलं होतं, तू विसरली असशील."

मला इतकी वर्षे वाटत होते, तोच विसरला असेल.